डंखाचे शब्द

दलित साहित्यावर कुठेही परिसंवाद भरो, तीन शब्द आपल्याआधी व्यासपीठावर जाऊन बसलेले असतात : वेदना, विद्रोह आणि नकार. विद्रोह आणि नकार यांच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. 'वेदना' या शब्दाला मात्र कोणी फारसे हटकत नाही. तो सर्वांना कळलेलाच आहे असे गृहीत धरून चर्चा पुढे सरकते. मला तो अजून नीट कळलेला नाही. माझे लहानपण दापोली तालुक्यात, केळशीच्या एका वाडीत गेले. तिथे विंचू चावलेल्या माणसाला 'वेदना होत आहेत' असे म्हणताना मी कोणालाही ऐकले नाही. ठणका लागे. आग होई. कळ मस्तकात जाई. हाताला झिणझिण्या येत. आये विचारी, "ठणकतंय की नुसत्या मुंग्या येतायत?" आणि उत्तर काय येते त्यावर पुढे काय करायचे ते ठरे. 'वेदना' पहिल्यांदा भेटली ती शाळेच्या पुस्तकात, आणि तिथेही ती कोणा राजकन्येला होत होती.

आयेचा तो प्रश्न मला पुढे फार वर्षांनी कळला. तो कसा, ते सांगण्याआधी केळशीत डंख मारणारे काय काय होते ते सांगितले पाहिजे.

केळशी भारजा नदीच्या मुखाशी आहे. पुढे समुद्र आणि वाळू, मध्ये माडपोफळीच्या वाड्या, मागे जांभ्या दगडाचा सडा. अशा गावात डंख तीन ठिकाणांहून येतो : पाण्यातून, झाडाझुडपांतून आणि दगडाखालून. पाण्यात शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा. रापण ओढताना किंवा जाळे झाडताना तो पायात गेला तर मोठा माणूस वाळूवर लोळतो. पाण्यात तरंगणारी झार, म्हणजे पुस्तकातला जेलीफिश, मांडीला चाटून गेली की चाबूक ओढल्यासारखे वळ उठतात. तिच्या सोंडांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि स्पर्श होताच प्रत्येकीतून विषाची सुई उडते. झाडाझुडपांत आग्या आणि खाजकुयली. आग्याच्या पानावरचा केस सुईसारखा असतो, कातडीत शिरून मोडतो आणि आतला रस सोडतो. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव वाऱ्यानेसुद्धा अंगावर येते. झाडावर आग्या मोहोळ, आणि फांद्यांवर तांबड्या मुंग्यांची पाने शिवून केलेली घरटी. दगडाखाली विंचू.

या सगळ्यांना मराठी शाळेत आपण एकच क्रियापद देतो, 'चावणे'. कुत्रा चावतो, डास चावतो, विंचू चावतो. बोलीला हा फरक माहीत आहे. विंचू नांगी मारतो, माशी काटा मारते, साप डसतो. तांबडी मुंगी मात्र खरोखरच चावते. तिला काटा नाही. ती चावा घेते आणि त्या चाव्यावर आपले आम्ल सोडते. मधमाशीचा काटा उलट्या दातांचा असल्यामुळे तो कातडीतच अडकतो आणि माशी मरते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत. ती पुन्हा पुन्हा मारते. डंख मारणारी माशी नेहमी मादीच असते. मराठीने तिला स्त्रीलिंगी केले तेव्हा तसे पाहून केले असेल असे नाही, पण ते बरोबर आले एवढे खरे. सापाचे तर नावच घ्यायचे नाही. कोकणात साप चावला असे म्हणत नाहीत, 'पान लागले' म्हणतात. हा भीतीचा शब्द आहे. ज्याला अंधारात, अनवाणी, रानातून चालत घरी यायचे आहे त्याने घडवलेला.

आणि मोठ्या काळ्या विंचवाला इंगळी. इंगळ म्हणजे निखारा. इंगळी या नावात त्या निखाऱ्याची आठवण असावी असे मला वाटते, कारण डंखाच्या शब्दांत आगीचे कूळ मोठे आहे : आग्या, आग्या मोहोळ, आग होणे, जळजळणे, पोळणे, दाह. दुसरे कूळ आवाजाचे. झणझण, चुरचुर, ठणठण, ठसठस, चरचर, सणसण, खवखव, हुळहुळ. हे शब्द दोनदा उच्चारावे लागतात, आणि ते उगाच नाही. दुखणे जसे लाटांनी येते तसा शब्द येतो. गळू ठसठसते ते नाडीच्या ठोक्यावर. सुरण किंवा खाजरे अळू खाल्ले तर घसा खवखवतो; तो कधी ठसठसत नाही. मिठाचे पाणी जखमेवर पडले की चुरचुरते. भाजलेली जागा दुसऱ्या दिवशी हुळहुळते, म्हणजे दुखत नाही पण कापडाचा स्पर्शही सोसवत नाही. काजूच्या टरफलाचे तेल बोटांना लागून कातडी सोलवटते त्याला 'उतणे' म्हणतात, बिब्बाही उततो. काजू फोडणाऱ्या बाईला 'तुला काय होते' असे विचारले तर ती 'बोटं उतलीत' म्हणेल. त्या दोन शब्दांत कारण, जागा आणि रोग तिन्ही आले.

आता विचारायला हवे की हे शब्द इतके बारीक कोणी केले. कोश करणाऱ्यांनी नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने झाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासूनचा. या कोशांचे ऋण मोठे आहे, ते मी नाकारीत नाही. त्यांत ठणकही सापडते आणि चुरचुरही. सापडत नाही ते एवढेच, की हा शब्द कोणते काम करताना तोंडून निघाला.

डंख निसर्गात सर्वांसाठी सारखा असेल, गावात तो सारखा नव्हता. विंचू राहतो गडग्याच्या दगडांत, लाकूडफाट्यात, गवताच्या भाऱ्यात, पेंढ्यात, कौलांत. गडग्याचा दगड उचलणारा हात कोणाचा? उन्हाळ्यात भाताच्या भाजावळीसाठी झाडावर चढून कवळ तोडणारा, मुंग्यांचे घरटे अंगावर कोसळले तरी फांदी न सोडणारा माणूस कोण? महार वतनाच्या कामांत सरकारी माणसांसाठी लाकडे आणि गवत आणून टाकणे होते. खोताच्या घरचे भारे कुळाच्या आणि वेठीच्या डोक्यावरून जात. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि महार वतन १९५८ च्या कायद्याने. म्हणजे माझ्या आजीच्या पिढीचे हात त्या दगडांखाली कायद्याने गेलेले होते. पायात वहाण नाही, हातात कंदील नाही. जिथे हात घालायचा ती जागा दुसऱ्याने ठरवलेली. अशा हाताला विंचू चावला की तो 'अपघात' म्हणायचा काय?

'सल' हा शब्द घ्या. मराठी कवितेत सल फार. मनातला सल, जुना सल, अबोल सल. मूळ शब्द शल्य, म्हणजे कातडीत शिरून राहिलेला काटा किंवा कूस. कोकणात आमच्या बायका बांबूची आयदाने विणत. ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला २००३ साली तेच नाव दिले, 'आयदान'. बांबूची चोय काढताना कूस बोटात जाते, मोडते आणि आत राहते. दिवसभर ती दुखत नाही. रात्री भाकरी थापताना नेमकी तिथेच सलते. सलणे म्हणजे आत राहिलेले काहीतरी हालचाल झाली की दुखणे. कवींनी हा शब्द उचलला याबद्दल तक्रार नाही. बोट कोणाचे होते हे विसरले, एवढेच.

आता आयेच्या प्रश्नाकडे येतो.

केळशीच्या उत्तरेला बाणकोट, तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. त्याच नदीने वर गेले की महाड. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे महाड आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच महाडच्या परिसरात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर काम केले. आधी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुढे महाडला. कोकणातला लहान लाल विंचू माणूस मारतो हे खेड्यांना ठाऊक होते, पण तो कसा मारतो हे नीट ठाऊक नव्हते. या विषाने शरीरातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून उत्तेजक द्रव्यांचा पूर सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी या वाहिन्या सैल करते. या उपचारावरचे त्यांचे टिपण १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० च्या आसपास दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण अगदी थोड्यावर आले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो हे २०११ च्या त्यांच्या चाचणीत दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला इथे औषधापेक्षा त्यांच्या निरीक्षणाविषयी बोलायचे आहे. ज्याला डंखाच्या जागी प्रचंड ठणका आहे आणि दुसरे काही नाही, तो बहुधा वाचतो. ज्याला जागेवर फारसे दुखत नाही, पण दरदरून घाम सुटला आहे, ओकाऱ्या होत आहेत, तोंडात लाळ जमते आहे, हातपाय गार पडत आहेत, तो धोक्यात आहे. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येणे हेही त्याचे एक लक्षण आहे, आणि लाजेपोटी ते सांगितले जात नाही. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे मोकळेपणी सांगितले पाहिजे. उपचाराने रुग्ण सुधारू लागला की डंखाच्या जागी ठणका पुन्हा सुरू होतो. म्हणजे 'ठणकतंय' ही चांगली बातमी असू शकते. आयेला हृदय आणि फुप्फुस माहीत नव्हते. ठणका आणि मुंग्या यांतला फरक तिला माहीत होता, कारण त्यासाठी तिच्या भाषेत दोन वेगळे शब्द होते. डॉक्टरपुढे उभे राहून आपण 'वेदना होतात' एवढेच म्हणालो असतो तर हा फरक बुडाला असता.

इथेच विंचू उतरवणाऱ्यांचाही हिशेब होतो. विष 'चढते' आणि मंत्राने 'उतरते', हे आपले जुने शब्द. मोठ्या काळ्या इंगळीचा डंख भयंकर ठणकतो पण सहसा मारत नाही. काही तासांनी तो आपोआप शमतो. मांत्रिकाने झाडूने झाडले काय किंवा न झाडले काय. श्रेय मांत्रिकाला. लाल विंचवाच्या डंखात जागेवरचे दुखणे कमी असते. मांत्रिक म्हणतो 'उतरला', माणसे घरी जातात, आणि पहाटे रुग्णाच्या तोंडाला फेस येतो. दोष रुग्णाच्या कर्माला. 'उतरला' या एका शब्दाने किती माणसे मेली असतील याचा विचार करावा. आपली बोली म्हणून ती सगळीच पवित्र असे मी म्हणत नाही. ठणका हा अनुभवाने घडवलेला शब्द आहे. उतरणे हा मांत्रिकाने खपवलेला. विंचू उतरवण्याचे रूपक एकनाथांच्या भारुडापासून घराघरांत गेले आहे. तिथे विंचू म्हणजे कामक्रोध. ज्याचा हात रोज गडग्यात जातो त्याला विंचवाचे रूपक करण्याची सवड कुठली?

बाहेरच्या जगात या शब्दांचा अभ्यास झाला आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणे किती आहे एवढेच न विचारता ते कसे आहे हे विचारायचे, आणि त्यासाठी इंग्रजीतले ७८ शब्द २० गटांत मांडलेले. त्यांतल्या एका गटात मुंग्या येणे, खाजणे, चुरचुरणे आणि डंख मारल्यासारखे झोंबणे यांच्या जवळचे चार शब्द एकत्र आहेत. म्हणजे आये जे अंगणात विचारत होती ते दवाखान्यात विचारण्याजोगे शास्त्र आहे. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांनी तर कितीतरी जातींच्या माश्यामुंग्यांचे डंख अंगावर घेऊन त्यांची १ ते ४ अशी प्रत लावली, मधमाशीला २. हा माणूस २०२३ साली वारला. त्याचे धाडस मला मान्य आहे. पण डंख घ्यायचा की नाही हे तो ठरवू शकत होता, आणि घेतल्यावर त्याची वही कोणी फेकून देत नव्हते.

आता ज्या डंखाला नांगी नसते त्याकडे वळू. शब्द तेच आहेत, कारण मराठी माणसाने बोलण्याचे दुखणे मोजायला वेगळी मापे केली नाहीत. टोचून बोलणे, बोचणे, जिव्हारी लागणे, झोंबणे. फरक व्याकरणात आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. 'मला विंचू चावला' या वाक्यात कर्ता विंचू आहे. तो कुठे लपलेला नाही. 'त्याने टोमणा मारला' इथेही करणारा दिसतो. पण 'त्याचे बोलणे मला लागले' म्हटले की कर्ता होते बोलणे. बोलणारा माणूस षष्ठीत जाऊन बाजूला बसतो. 'मला लागले' म्हटले तर तोही जातो. ठेच लागते, पान लागते, तसे बोलणेही लागते, जणू वाटेत पडलेलेच होते. 'मिरच्या झोंबल्या काय?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कचेरीत, वर्गात, एस.टी.त ऐकला असेल. त्यात मिरची कोणी फेकली याची चौकशी नाही. चौकशी आहे ती डोळे का चोळता याची. सोसणाऱ्याची कातडीच पातळ, असा त्या प्रश्नाचा निकाल आधीच लागलेला असतो.

कायद्याने उलट केले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हेतुपुरस्सर अपमान करणारा हा कर्ता आहे. अपमान कोणाला किती झोंबला हा मुद्दा नाही. त्यात 'लोकांच्या नजरेस येईल अशी जागा' ही अट आहे, आणि चार भिंतींच्या आत, साक्षीला बाहेरचे कोणी नसताना केलेला अपमान त्या कलमात बसत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. चार भिंतींच्या आतला विंचू कमी विषारी असतो असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. पण कायद्याची भाषा आणि अंगाची भाषा यांत हे अंतर राहते, आणि फिर्याद लिहिताना कार्यकर्त्याने ते ध्यानात ठेवले पाहिजे. फिर्यादीत 'माझ्या भावना दुखावल्या' असे लिहू नये. कोण, काय, कुठे, कोणासमोर बोलला ते लिहावे. कर्ता वाक्यात परत आणावा.

दुसऱ्या बाजूचेही शब्द आहेत. आपल्यातल्या कोणी माडीचे घर बांधले, वरात घोड्यावरून नेली, मुलीला शहरात शिकायला ठेवले, तर ते गावाच्या डोळ्यात 'खुपते'. खुपणे आणि सलणे दोन्ही काट्याचेच. सलतो तो काटा खरोखर आत शिरलेला असतो. खुपायला काही शिरावे लागत नाही, दुसऱ्याचे बरे दिसले की पुरते. तसेच कळवळणे आणि कळवळा. कळवळणारा जमिनीवर असतो. कळवळा असतो तो ओटीवर बसलेल्याला.

दापोलीत एक माणूस असा होऊन गेला की ज्याने हे वाक्यच उलटे फिरवले. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापले. सवर्णांपुढे प्रश्न मांडणारी ही पुस्तिका आहे : विटाळ कुठून आला, त्याला आधार काय. आम्हांला काय होते हे सांगण्यापेक्षा तुम्ही हे का करता, हे विचारणे. दुखणाऱ्याने कर्त्याचे नाव घेऊन केलेला प्रश्न. नंतरच्या आपल्या चळवळीची भाषा तिथे सुरू होते असे मला वाटते. दलित साहित्यातल्या 'वेदने'ची चर्चा करणाऱ्यांनी तिथून सुरुवात का करू नये?

मी शिकवीत असताना एकदा वर्गात 'झोंबणे' हा शब्द वाक्यात उपयोगात आणायला दिला. बहुतेकांनी मिरची लिहिली, काहींनी थंड वारा. घरी येऊन मी सहज आयेला तेच विचारले. ती म्हणाली, पाणी. मला वाटले मिठाचे पाणी, जखमेवरचे. तिने ओंजळ करून दाखवली आणि दुसरा हात वर, खूप वर धरला. गोड्या विहिरीचे, थंडगार पाणी. तिला त्यासाठी दुसरा शब्द लागला नाही.

असे शब्द आपापल्या वाडीवस्तीत अजून आहेत, पण ते बोलणारी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावे. कोकणात काजू फोडणाऱ्या, घाटावर ऊस तोडणाऱ्या, मराठवाड्यात कापूस वेचणाऱ्या बायकांना कापसाच्या बोंडाचे टोक बोटात गेल्यावर त्या काय म्हणतात ते विचारावे. उसाच्या पाचटाने अंग कापते त्याला काय म्हणतात? गटारात उतरणाऱ्या माणसाचे डोळे वायूने चुरचुरतात की जळतात, हे त्याला विचारून लिहावे. दोहोंत फरक असेल तर तो त्याच्या जिवाचा फरक आहे. शब्द त्याच्याच उच्चाराने लिहावा, शुद्ध करू नये. शेजारी अर्थ लिहावा, आणि त्याच्या शेजारी ते काम, तो महिना, आणि ते काम कोणाच्या शेतात किंवा कोणाच्या सांगण्यावरून चालले होते, तेही.